टिकलीवालीची चाल

माझ्या भावाने मुंबईत बसून तीन वर्षं एका जनावराला चालवलं. नोकरीच ती होती. कार्टूनचा एक मोठा सिनेमा बनत होता. त्यात दोन चंद्र असलेला एक ग्रह होता, हवेत तरंगणारी यानं होती, एक जादूगार होता, आणि पाठीवर अख्खं रान उगवलेलं डोंगराएवढं निळं जनावर होतं. त्याच्या पाठीवर बसून एक मुलगी पाण्याच्या शोधात निघते, अशी काहीशी गोष्ट. मुलगी दुसऱ्या कोणीतरी केली होती, यानं तिसऱ्याने. जनावराने चालायचं कसं, एवढंच दादाकडे होतं.

हे आमच्या वाडीत कोणाला सांगून पटत नव्हतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता सोडून तासभर चढलं की आमची वाडी. तेव्हा नऊ घरं होती, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. पोरगा मुंबईत काय करतो असं कोणी विचारलं की आय सांगायची, "चित्रातल्या जनावरामागं असतो." ऐकणारा म्हणायचा, "मंग हितल्या जनावरांनी काय घोडं मारलं व्हतं?" आणि बा तिथे असला, तर उठून गोठ्याकडे जायचा.

तो का उठायचा ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दादा बारा-तेरा वर्षांचा होता तेव्हा वाडीतल्या सगळ्या पोरांसारखा तोही म्हशी चारायला न्यायचा. आमच्याकडे कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक म्हैस होती, तिला आम्ही टिकलीवाली म्हणायचो. बाची सगळ्यात लाडकी. एके दिवशी दादा कातळावर कोळशाने चित्र काढत बसला आणि टिकलीवाली चरत चरत कड्याच्या अंगाला गेली आणि घळीत घसरली. तिला वर काढायला वाडीतली सगळी माणसं लागली. उजवा मागचा पाय खुब्यातून गेला होता. आमच्याकडे अशा जनावराला डाग देतात, म्हणजे विळा चुलीत लाल करून दुखऱ्या जागेवर टेकवतात. बाने डाग दिला. डोकं दादाने धरलं होतं. ती ओरडली तशी म्हैस ओरडताना मी परत कधी ऐकली नाही.

डाग देऊन झाल्यावर बा दादाला म्हणाला, "उद्यापासनं गुरांमागं जायचं नाय."

मारलं नाही, शिवी दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला पोलादपुरात वसतिगृहात नेऊन घातलं. आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं की, पोरगा शिकला. सगळे तेच म्हणतात. पण आमच्या वाडीत पोराला शाळेतून काढून गुरांमागे घालायचे. गुरांवरून काढून शाळेत घातलेला दादा पहिलाच. वाडीतली पोरं त्याला त्यावरून चिडवायची. सुट्टीत घरी आला की लाकडं फोडायचा, पाणी भरायचा, शेण काढायचा, पण म्हशी सोडायची वेळ झाली की घरात जाऊन बसायचा. बा त्याला ने म्हणायचा नाही, आणि तो नेऊ का असं विचारायचा नाही. इतकी वर्षं हेच चाललं. मारलं असतं तर सुटलो असतो, असं दादा एकदा माझ्याजवळ म्हणाला होता.

टिकलीवाली जगली, पण लंगडी झाली. त्या दिवसापासून बाला एक सवय लागली. संध्याकाळी म्हशी परत यायच्या वेळेला तो बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या तोंडाशी, उभा राहायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येक म्हशीचे पाय बघायचा. आधी पाय, मग आणणारा माणूस. आयने आणल्या तरी बघायचा, मी आणल्या तरी. मला त्याचा फार राग यायचा. मी तशी लहानपणापासून तापट. मामा म्हणायचा, हिच्या नाकाला राग चिकटूनच आलाय.

मामा बिरवाडीला राहायचा, कारखान्यात होता. मी महाडला कॉलेजात गेले तेव्हा त्याच्या खोलीवरच राहिले. चाळीतली एक खोली, पुढे ओटा, सगळ्यांना मिळून एक नळ. एका दिवाळीत दादा आधी तिथे आला. जेवून झाल्यावर मी विचारलं, तुझं ते जनावर चालतं तरी कसं, दाखव की. तर हा चांगला बाप्या माणूस लुंगी खोचून हातापायांवर उभा राहिला आणि खोलीभर फिरायला लागला. एक पाय जरा ओढायचा, टेकवायच्या आधी क्षणभर थांबायचा, मग अंगाचा भार टाकायचा. शेजारीण साखर मागायला दारात आली होती, ती तशीच मागे फिरली. मामा म्हणाला, "कंबर धरली काय रे तुझी? बाम लावतो." आम्ही हसून लोळलो. दादाही हसला. मला तेव्हा काही कळलं नाही. टिकलीवाली पडली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची, आणि आता तर ती मरूनही किती वर्षं झाली होती.

मग सिनेमा आला. म्हणजे मुंबईत आला, आणि आमच्याकडे आधी आली ती त्याची परीक्षणं.

मामा कारखान्याच्या गेटवरून शिळे पेपर आणायचा. मी त्यातलं सिनेमाचं पान काढून बसले. एकाने लिहिलं होतं की ही गोष्ट धड विज्ञानाची नाही आणि धड जादूचीही नाही. दुसऱ्याला यानांचे रंग आवडले होते, बाकी काही नाही. आणि दोघांनीही त्या जनावरावर तोंडसुख घेतलं होतं. एवढा पैसा ओतून यांना साधं चार पायांचं जनावर नीट चालवता येऊ नये, ते चालतंय की लंगडतंय हेच समजत नाही, हाताखालच्या पोरांनी घाईने काम उरकलंय, अशा अर्थाचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांत जो माणूस दोन गणपतींना घरी आला नाही, त्याला घाई? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. मी पान टराटरा फाडलं. थोड्या वेळाने भाताच्या शितांनी परत चिकटवलं, कारण त्या संपादकाला पत्र लिहायचं तर पत्ता हवा होता. चार पानी पत्र लिहिलं. ते अर्थातच कुठे छापून आलं नाही.

दर रविवारी चार वाजता मी महाडला डेपोसमोरच्या बूथवरून दादाला फोन करायचे. त्याच्या खोलीच्या मालकांकडे फोन होता, तो त्या वेळेला तिथे थांबायचा. त्या रविवारी त्याचा आवाज बसला होता. म्हणाला, साहेबांनी सगळ्यांसमोर ते पान वाचून दाखवलं. ती चाल याच साहेबांनी पसंत केली होती, म्हातारं जनावर आहे, शोभतंय, असं म्हणाले होते. आता कोणाला काही आठवत नव्हतं.

"मी सोडतोय," तो म्हणाला. "महिना भरला की येतो घरी."

"घरी येऊन काय करशील?"

"म्हशी तरी आहेत."

आणि मग स्वतःच म्हणाला, "पण तिथे तरी मला कोण नेऊ देणार आहे." त्याला एका ठिकाणावरून काढलं होतं, आता दुसऱ्या ठिकाणाहून तो स्वतःच निघत होता, आणि मध्ये उभं राहायला जागा नव्हती. फोन ठेवल्यावर मी बूथच्या पायरीवर बसून रडले. रागानेही रडले आणि त्याच्या मायेनेही.

तीन आठवड्यांनी तो सिनेमा महाडला लागला. चारच दिवस होता, त्यात एक रविवार. मी शनिवारी वाडी चढून गेले आणि जाहीर केलं की उद्या सगळ्यांनी दुपारच्या खेळाला यायचं. पेपरात काय आलं आणि दादा काय म्हणाला, ते मी कोणाला सांगितलं नाही. बा म्हणाला, "म्हशी पाण्यावर कोन नेनार?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात आय म्हणाली, "शेजारनीला सांगितलंय मी. तीन वर्सं पोरगा कायतरी करतोय, बगू तरी. तू नाय आलास तर मी जानार." आय बाला असं कधी बोलायची नाही. सकाळी बा धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी अंगणात उभा होता.

खाली रस्त्यावर जीपवाले चाचा होते. ते महाडचे. बारा वर्षं कुवेतला ट्रक चालवून आले होते, आणि आता आमच्या भागातल्या वाड्यांचं दूध महाडच्या हॉटेलांना पोचवायचे. दुधाचे कॅन आणि वाडीतली आम्ही आठ माणसं, असे एकमेकांच्या मांडीवर बसून महाडला आलो. मामा थेटराच्या दारात भेटला. चाचांनी कॅन उतरवले आणि तेही आमच्याबरोबर आत आले. म्हणाले, "तुमच्या पोराचा पिक्चर, मग आम्ही काय परके हाव?"

थेटर अर्धंही भरलं नव्हतं. पुढे कॉलेजातली पोरं, त्यातली काही माझ्याच वर्गातली. सिनेमा हिंदीत. आयला कळेना म्हणून चाचा हळू आवाजात सांगत होते, "हा वाईट मानूस हाय. हा आता चांगला होनार." तो शेवटपर्यंत चांगला झाला नाही. खरं सांगते, दादावर माझा जीव असूनही मला ती गोष्ट कळली नाही. तिला ना शेंडा होता ना बुडखा. पेपरवाले तेवढ्यापुरते बरोबर होते, आणि हे कबूल करायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मध्यंतराच्या जरा आधी ते जनावर आलं. निळं, डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं, पाठीवर रान. ते एका दरडीवरून चढायला लागलं. पुढचे दोन पाय, डावा मागचा, आणि मग उजवा मागचा जरा ओढत, थांबून. पुढची पोरं हसली. एक ओरडला, "लंगडी पळाली रे." मी उठले होते. त्याला धरून काय करणार होते देव जाणे. पण माझ्या आधी बा उभा राहिला होता.

मागून लोक "खाली बसा, खाली बसा" करायला लागले. बा बसला नाही. पडद्यावर ते जनावर चढत होतं आणि बा त्याचे पाय बघत होता, अगदी बेड्यापाशी उभा राहून बघायचा तसाच. मग त्याने जीभ टाळ्याला लावून तो आवाज काढला. चढावर म्हशीला धीर द्यायला आम्ही काढतो तो, चक् चक् आणि मागे एक लांब हुंकार. बाजूला बसलेल्या आमच्या वाडीच्या सगळ्या माणसांनी माना वर केल्या. इतका वेळ कोणी झोपलं होतं, कोणी शेंगा खात होतं.

"टिकलीवाली हाय ती," आय म्हणाली. मोठ्याने नाही म्हणाली, पण सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

मग मलाही दिसलं. बिरवाडीच्या खोलीत लुंगी खोचून चालणारा दादा आठवला, आणि आम्ही किती हसलो होतो तेही आठवलं. मला माझीच लाज वाटली. कोणीही न सांगता वाडीतली सगळी माणसं चक् चक् करायला लागली. ती लाल मातीतली माणसं, दोन चंद्रांखाली चढणाऱ्या एका निळ्या जनावराला धीर देत होती, आणि ते चढून वर पोचलं तेव्हा चाचा मोठ्याने "शाब्बास" म्हणाले. पुढच्या पोरांचं हसणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. बा खाली बसला आणि मग सिनेमा संपेपर्यंत हलला नाही.

बाहेर आल्यावर डेपोसमोर चहा घेतला. प्रत्येकजण परीक्षक झाला होता. मामाला विमानं आवडली. चाचांच्या मते गाणी निम्मी पुरली असती. आयचं म्हणणं, "त्या पोरीनं एवढ्या वाटंत एकदापन काय खाल्लं नाय. चालंल कशी ती?" हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं, आणि मला अजून वाटतं की त्या सिनेमातली खरी चूक आयनेच काढली. बा बशीतला चहा फुंकत होता. फुंकता फुंकता म्हणाला, "डाग दिसला नाय."

"काय?"

"खुब्यावर डाग पायजे व्हता. चाल तिची घेतली, मंग डाग का नाय?"

माझं डोकंच फिरलं. पोराने तीन वर्षं घातली, जगाने त्याला नावं ठेवली, आणि बापाने सिनेमा बघून काढली ती चूकच. मग मी काहीच लपवलं नाही. तिथेच, चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर बाला सांगितलं. पेपरात काय आलं, साहेबांनी ते कसं वाचून दाखवलं, दादा काम सोडून येतोय. आणि हेही सांगितलं, "तो येऊन करणार काय? त्याला गुरांमागं जायला तरी तू देणारेस का?"

बाने बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा उठून जाणार. तो उठला, पण म्हणाला, "तुझा तो फोन कुठं हाय?"

चार वाजायला पाच मिनिटं होती. मी नंबर लावला आणि फोन बाच्या हातात दिला. बाने आयुष्यात फोन धरला नव्हता. तो कानापासून वीतभर लांब धरून ओरडत होता, त्यामुळे बूथमधल्या सगळ्यांना दोघांचंही ऐकू येत होतं.

"मी बा बोलतोय. बगितला तुजा शिनेमा."

आणि लगेच पुढे ओरडला.

"चाल बरोबर हाय. टेकायच्या आदी ती थांबायची, ते पन बरोबर हाय. कुनी काय बी बोलूं दे, त्यांनी म्हशी नाय राखल्या. पन डाग नाय काडलास."

दादाचा आवाज बारीक आला. "काढला होता, बा. पुसला."

"का रे?"

"तिला फार दुखलं होतं."

बाने फोन आणखी लांब धरला, जसा काही तो गरम झाला होता. मग जवळ आणला आणि प्रथमच हळू बोलला. "मला पन दुखलं व्हतं. तुला काडलं तवा." मग म्हणाला, "सुट्टीला ये. म्हशी तूच ने. मंग परत जा तुज्या कामाला. सोडू नको."

बाने फोन खाली कसा ठेवायचा ते माहीत नसल्यामुळे तो माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन जीपमध्ये रिकाम्या कॅनशेजारी बसला. धारा काढायच्या होत्या, उशीर होत होता.

दादाने काम सोडलं नाही. साहेबांनी पुढे त्याला दुसऱ्या सिनेमात पक्षी दिले. तो मे महिन्यात आला. पहिल्याच सकाळी न्याहारी झाल्यावर बाने आपली काठी आणून ओट्यावर, त्याच्या शेजारी ठेवली. दादाने ती उचलली आणि म्हशी सोडल्या. पंचविशीला आलेला, मुंबईचे बूट घातलेला माणूस म्हशींमागे निघाला आणि वाडीतली पोरं त्याला बघायला जमली. आयने दिवसभरात कड्याच्या बाजूला किती वेळा बघितलं ते मी मोजलं नाही. माझंही लक्ष घरात नव्हतं.

संध्याकाळी घंटा ऐकू आल्या. मी सवयीने बेड्याकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. म्हशी एकामागून एक आत आल्या, त्यांच्या मागून दादा, आणि बा घरात चुलीपुढे पाठमोरा बसून विडी पेटवत होता. दादा बेड्यापाशी थांबला. बा बाहेर येईल म्हणून तो जरा वेळ उभाच राहिला. मग त्याला कळलं असावं. त्याने बेडं लावून घेतलं, आणि आतून बाने विचारलं, "चा घेनार काय रे?"